युजर एजंट : आपल्या मोबाईलने न विचारता दिलेली ओळख

(द्वितीय वर्ष, कला)

आजचे युग हे विज्ञानयुग आहे, हे वाक्य शाळेपासून आपण प्रत्येक निबंधात लिहीत आलो आहोत. पण विज्ञान हातात आले म्हणजे ते समजले असे होत नाही. मोबाईल जवळ नाही असा विद्यार्थी आपल्या कॉलेजात आज शोधूनच काढावा लागेल. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, सातबाराचा उतारा, रेल्वेचे तिकीट ही सारी कामे आपण त्यावर करतो. मात्र एखादी वेबसाइट उघडताना ते पान आपल्यापर्यंत येण्याआधीच आपला मोबाईल तिकडे स्वतःची ओळख सांगून मोकळा होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या ओळखीच्या ओळीला 'युजर एजंट' असे नाव आहे. ती ओळ काय सांगते, काय सांगत नाही आणि तिच्यावर किती विश्वास ठेवावा, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

हा विषय कला शाखेच्या विद्यार्थिनीने का घ्यावा, असे कोणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे रेडीतल्या आमच्या वाडीत कोणाचाही मोबाईलवरचा अर्ज भरावयाचा असला की तो माझ्याकडे येतो, आणि अर्जाबरोबर प्रश्नही येतात. "ह्या मोबाईलवरून त्यांना आमच्याबद्दल काय काय कळते?" हा त्यातला नेहमीचा प्रश्न. कोणी म्हणतो, सगळे कळते, अगदी घरात काय बोलतो तेसुद्धा. कोणी म्हणतो, काही कळत नाही, उगाच घाबरू नका. दोन्ही उत्तरे वाचण्याची तसदी न घेता दिलेली आहेत. युजर एजंट ही शेवटी अक्षरांची एक ओळ आहे, आणि ओळ नीट वाचणे हे तर आपल्याच शाखेचे काम!

अर्ज आणि त्याचा मायना

मोबाईलवर किंवा संगणकावर वेबसाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, ऑपेरा ही त्यांची परिचित नावे. वेबसाइट ज्या दूरच्या संगणकावर ठेवलेली असते त्याला सर्व्हर म्हणतात. आपण पत्ता टाइप करून बटण दाबले की ब्राउझर सर्व्हरकडे एक छोटासा अर्ज पाठवतो, "अमुक पान मला द्यावे." सरकारी अर्जात विषयाच्या वर जसा मायना असतो, तशा या अर्जाच्या वरच्या भागात काही ठरावीक ओळी असतात. कोणते पान हवे, कोणत्या भाषेत असल्यास बरे, कोणत्या प्रकारची चित्रे चालतील वगैरे. त्यातच एक ओळ युजर एजंटची. 'एजंट' म्हणजे वापरणाऱ्याच्या वतीने काम करणारा प्रोग्रॅम.

ही प्रथा नवी नाही. वेबसाठी १९९६ साली जे नियमपत्रक प्रसिद्ध झाले त्यात या ओळीचे तीन उपयोग सांगितले होते : आकडेवारी काढणे, बिघाड कोठून येतो ते शोधणे आणि समोरच्या ब्राउझरला झेपेल असे पान देणे. हेतू चांगलाच होता. मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर संगणकाचे रुंद पान पाठवले तर वाचणार कोण?

ग्रामपंचायतीत आवक-जावक नोंदवही असते, तशीच सर्व्हरवरही बहुधा असते. किती वाजता, कोणत्या आयपी पत्त्यावरून, कोणते पान मागितले आणि मागणाऱ्याचा युजर एजंट कोणता, अशी एकेक नोंद तीत होत जाते. आपण पान पाहून विसरून जातो, नोंद राहते.

ओळ वाचू या

अँड्रॉइड मोबाईलमधील क्रोम सध्या पाठवतो ती ओळ साधारण अशी असते. मुळात ती रोमन लिपीत असते, येथे देवनागरीत देत आहे :

मोझिला/५.० (लिनक्स, अँड्रॉइड १०, के) ॲपलवेबकिट/५३७.३६ (केएचटीएमएल, लाइक गेको) क्रोम/१२०.०.०.० मोबाईल सफारी/५३७.३६

पहिल्या वाचनात हे मंत्रासारखे वाटते. तुकडे केले की उलगडते. 'मोझिला/५.०' ही सुरुवात जवळजवळ सगळेच ब्राउझर करतात. तिला आता स्वतःचा अर्थ उरलेला नाही. कंसातला पहिला भाग यंत्राविषयी असतो. लिनक्स हा अँड्रॉइडच्या तळाशी असलेला गाभा, पुढे अँड्रॉइडची आवृत्ती, आणि त्यापुढे मोबाईलचे मॉडेल. (वरच्या ओळीत मॉडेलच्या जागी नुसते 'के' आहे; त्याची हकीकत पुढे येईल.) 'ॲपलवेबकिट' हे पान रंगवून दाखवणाऱ्या इंजिनाचे नाव. 'क्रोम/१२०' म्हणजे क्रोमची १२० वी आवृत्ती. 'मोबाईल' हा शब्द असला म्हणजे छोटा पडदा, नसला म्हणजे बहुधा संगणक किंवा टॅब्लेट.

काही वर्षांपूर्वी याच कंसात 'अँड्रॉइड ५.१.१, एसएम-जे२००जी' असे लिहिलेले असे. जाणकार माणूस त्यावरून लगेच सांगे की हा सॅमसंगचा गॅलेक्सी जे-२, २०१५ सालचा, स्वस्तातला आणि आता जुना झालेला. मॉडेलवरून किंमत कळते, आवृत्तीवरून मोबाईल किती वर्षे बदललेला नाही ते कळते. घराच्या आर्थिक स्थितीचा अंदाज बांधायला एवढे पुरे. २०१७ साली जिओफोन आला, तो गावोगावी पोहोचला. त्याची केएआयओएस ही प्रणाली फायरफॉक्सच्या घराण्यातली, म्हणून त्याच्या ओळीत फायरफॉक्स आणि केएआयओएस ही दोन्ही नावे असत. बटणाचा फोन आहे हे वेबसाइटला त्यावरून समजे.

नाव सोनुबाई

आता प्रश्न असा की क्रोमच्या ओळीत मोझिला, ॲपल, गेको, सफारी ही परक्यांची नावे कशी आली? याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

१९९३ साली अमेरिकेत मोझेक नावाचा ब्राउझर लोकप्रिय झाला. पुढच्याच वर्षी नेटस्केप आला. त्याचे टोपणनाव मोझिला, आणि तेच नाव तो युजर एजंटमध्ये लिही. नेटस्केपला पानाचे चौकटीत भाग पाडून दाखवता येत. मोझेकला येत नसत. तेव्हा वेबसाइटवाल्यांनी युक्ती केली, की ओळीत 'मोझिला' दिसले तर चांगले पान द्यावे, न दिसले तर साधे. १९९५ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर आणला. त्यालाही चौकटी दाखवता येऊ लागल्या, पण नाव मोझिला नसल्याने त्याच्या वाट्याला साधेच पान येई. मग त्याने स्वतःच्या ओळीची सुरुवातच 'मोझिला' अशी केली आणि कंसात हळूच आपले खरे नाव लिहिले.

पुढे हाच कित्ता सर्वांनी गिरवला. गेको हे फायरफॉक्सचे इंजिन. केएचटीएमएल हे दुसरे इंजिन आले तेव्हा त्याने 'लाइक गेको', म्हणजे 'मी गेकोसारखाच' असे लिहिले. ॲपलने केएचटीएमएलवरून वेबकिट तयार करून २००३ मध्ये सफारी काढला. २००८ साली क्रोम वेबकिट घेऊन आला, तेव्हा सफारीला मिळणारी पाने आपल्यालाही मिळावीत म्हणून त्याने सफारीचे नावही लावून घेतले. क्रोमने २०१३ मध्ये वेबकिटपासून वेगळी चूल मांडली, पण '५३७.३६' हा त्या वेळचा आकडा आजही ओळीत तसाच आहे. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण येथे अगदी चपखल बसते.

ऑपेराची गोष्ट तर आणखी मजेदार. २००९ साली त्याची दहावी आवृत्ती आली. अनेक वेबसाइट आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचत. त्यांना १० च्या ठिकाणी १ दिसला, आणि हा ब्राउझर फारच जुना आहे असे समजून त्यांनी त्याला नाकारले. शेवटी ऑपेराने आपला आकडा ९.८० वरच थांबवला आणि खरी आवृत्ती ओळीच्या शेवटी लिहिली.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. युजर एजंट हे ब्राउझरने स्वतःच स्वतःविषयी केलेले विधान होय. त्यावर कोणाचा शिक्का नाही, सही नाही. क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट' हा पर्याय निवडला की आपला मोबाईल तत्क्षणी आपण लिनक्सचा संगणक असल्याचे सांगू लागतो. ॲपलचा आयपॅड २०१९ पासून आपण मॅक संगणक असल्याचे सांगतो. विंडोज १० आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ या दोहोंच्या ओळीत 'विंडोज एनटी १०.०' असेच असते. आयफोनच्या ओळीत 'आयफोन' एवढेच येते. तो कोणता, जुना की नवा, ते मॉडेल येत नाही.

जहाजाचे नाव आणि जहाजाचा क्रमांक

आमच्या रेडीच्या बंदरातून लोहखनिज परदेशी गेलेले गावातल्या मंडळींनी पाहिले आहे, म्हणून जहाजाचाच दाखला देते. जहाजाच्या मागच्या बाजूला त्याचे नाव आणि नोंदणीचे बंदर रंगवलेले असते. मालक एका देशाचा, आणि झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, असे सर्रास असते. मालक बदलला की नाव बदलते, झेंडा बदलतो. मात्र आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८७ पासून जहाजांना सात अंकी क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. तो जहाज बांधल्यापासून मोडीत निघेपर्यंत एकच राहतो.

मोबाईलचेही असेच आहे. युजर एजंट हे रंगवलेले नाव. ते बदलता येते आणि ते हजारो मोबाईलचे एकच असू शकते. कायमचा क्रमांक वेगळा, तो पंधरा अंकी आयएमईआय. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब्राउझर आपला आयएमईआय क्रमांक वेबसाइटला पाठवीत नाही. युजर एजंटमध्ये आपले नाव नसते, मोबाईल नंबर नसतो, आधार क्रमांक नसतो, बँकेचे खाते नसते, फोटो नसतात. आपण नेमके कोठे उभे आहोत तेही नसते. आयपी पत्ता वेबसाइटला वेगळ्या मार्गाने कळतो, पण त्यावरून साधारण प्रदेश आणि मोबाईल कंपनी समजते, घर समजत नाही. नेमके ठिकाण हवे असल्यास ब्राउझर आपल्याला आधी परवानगी विचारतो.

मोबाईल कोणाच्या हातात आहे हेही त्या ओळीला ठाऊक नसते. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी पोरबंदरच्या 'कुबेर' या मच्छीमार नौकेचे अपहरण करून आले होते. नौका खरी होती, नोंदणी खरी होती, माणसे मात्र दुसरीच होती. त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना ओळखपत्रे देण्याचे काम हाती घेण्यात आले, कारण नौकेची ओळख म्हणजे माणसाची ओळख नव्हे, हे सर्वांना कळून चुकले होते. आमच्या वाडीत कितीतरी घरांत एकच मोबाईल आई, मुलगा आणि आजोबा मिळून वापरतात. वेबसाइटच्या दृष्टीने ते तिघेही एकच!

येथे एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. ब्राउझरने वेबसाइटला काय सांगितले ही एक गोष्ट, आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने स्वतः काय गोळा केले ही दुसरी. आपल्याकडे पूर्वी अतिशय लोकप्रिय असलेल्या यूसी ब्राउझरविषयी टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०१५ मध्ये दाखवून दिले होते, की त्याच्या चिनी भाषेतील आवृत्तीतून आयएमईआयसारखी माहिती पुरेशा संरक्षणाशिवाय बाहेर जात होती. २०२० च्या जूनमध्ये भारत सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत यूसी ब्राउझरही होता. म्हणून ब्राउझर कोणता घ्यावा याचाही विचार हवा.

खरी भीती कोठे आहे

एवढी निरुपद्रवी ओळ असेल तर तिची चर्चा कशाला? कारण तिचा उपयोग करून माणसाला फसवता येते.

आमच्या शेजारच्या काकींच्या मोबाईलवर एकदा लाल रंगाचे पान उघडले. त्यावर त्यांच्या मोबाईलचे मॉडेल बरोबर लिहिलेले होते, सिमकार्डाच्या कंपनीचे नावही बरोबर होते, आणि 'तुमच्या मोबाईलमध्ये व्हायरस शिरला आहे, दोन मिनिटांत खालचे बटण दाबा' असा इशारा होता. काकी धावत आल्या. म्हणाल्या, "गो, ह्यांका माजो मोबाईल खयचो तां कसां कळलां? म्हणजे ही कंपनीचीच माणसां असतली!"

काकींचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. अनोळखी माणसाने आपले नाव घेऊन हाक मारली की आपण थांबतोच. पण मॉडेल कळले ते ब्राउझरने सांगितले म्हणून, आणि सिमची कंपनी कळली ती आयपी पत्त्यावरून. व्हायरस पाहिला होता कोणी? मोबाईलच्या आत डोकावण्याची सोय त्या पानाला नव्हतीच. असे पान उघडणाऱ्या प्रत्येकाला ते त्याच्या त्याच्या मोबाईलचे नाव सांगत असते. काकींना हे समजावून सांगितले, पान बंद केले आणि काम संपले. बटण दाबले असते तर भलतेच ॲप मोबाईलमध्ये शिरले असते. तेव्हा आपल्या मोबाईलचे नाव घेणारा आपल्या ओळखीचा असतोच असे नाही, ही गोष्ट घरोघरी सांगण्यासारखी आहे.

दुसरा प्रश्न पैशांचा. २०१२ साली अमेरिकेतील ऑर्बिट्झ या प्रवासी वेबसाइटविषयी बातमी आली होती, की मॅक संगणकावरून येणाऱ्यांना ती काही वेळा अधिक महागडी हॉटेले वर दाखवते. हॉटेलाचा दर बदललेला नव्हता, पण समोर काय मांडायचे ते गिऱ्हाईकाच्या यंत्रावरून ठरत होते. बाजारात दुकानदार गिऱ्हाईकाच्या अंगावरचे कपडे पाहून माल काढतो, त्यातलाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट माग काढण्याची. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० मध्ये एक प्रयोग केला. तिला असे आढळले, की सरासरीने पाहता पंधराशे लोकांत एखाद्याचाच युजर एजंट आपल्यासारखा असतो. त्याला पडद्याचा आकार, संगणकातील फॉन्ट वगैरे गोष्टी जोडल्या, तेव्हा तपासलेल्या ब्राउझरपैकी शेकडा ८३ हून अधिक एकमेवाद्वितीय ठरले. म्हणजे नाव न विचारताही 'परवा आलेला हाच तो' असे ओळखता येते. बोटाच्या ठशासारखे हे असल्याने त्याला ब्राउझरचा ठसाच म्हणतात.

यात आपल्या भाषेचाही संबंध येतो. अर्जाच्या मायन्यात भाषेची जी ओळ असते, तीत मराठीची खूण 'एमआर' अशी दोन अक्षरी आहे. (आमच्या मालवणीला अशी दोन अक्षरी खूण नाही.) मोबाईल मराठीत ठेवणारे इंग्रजीत ठेवणाऱ्यांहून थोडे, त्यामुळे ठसा अधिक ठळक होतो. पण म्हणून कोणी मोबाईल इंग्रजीत करू नये असे मला वाटते. मराठी मागणारे दिसले तरच मराठी पाने देणारे तयार होतील.

ओळ आखूड झाली

या माग काढण्यावर टीका वाढली तेव्हा ब्राउझरवाल्यांनी ही ओळ आखूड करावयास घेतली. क्रोमने २०२२ मध्ये आवृत्तीच्या पुढचे बारीक आकडे शून्य केले, आणि २०२३ च्या सुरुवातीपासून अँड्रॉइडवर सर्वांसाठी 'अँड्रॉइड १०. के' असेच लिहिण्यास आरंभ केला. मोबाईल कोणताही असो, अँड्रॉइड १४ असो, ओळीत १० आणि 'के'. वर ठेवलेला 'के' चा खुलासा तो हाच.

पण दार पूर्ण बंद झालेले नाही. 'क्लायंट हिंट्स' नावाची नवी पद्धत आली. तीत ब्राउझर आपण होऊन थोडेच सांगतो. वेबसाइटला मॉडेल वगैरे हवे असल्यास तिने तशी मागणी करावयाची. ही मागणी आपल्याला दिसत नाही, आणि क्रोम ती बहुधा पुरवतो. म्हणून काकींना दिसलेले पान आजही कोणाच्या मोबाईलवर उघडू शकते.

आपण काय करावे

आपला युजर एजंट पाहण्यासाठी क्रोमच्या पत्त्याच्या जागी 'क्रोम', पुढे कोलन, दोन तिरप्या रेघा आणि 'व्हर्जन' हे शब्द इंग्रजीत लिहावेत. येणाऱ्या यादीत ती ओळ सापडते. मग 'डेस्कटॉप साइट' चालू करावी आणि इंटरनेटवर 'व्हॉट इज माय युजर एजंट' असे शोधून ओळ कशी बदलते ते पाहावे. ग्रंथालयातल्या मित्रमैत्रिणींनी पाच मिनिटे काढून हा प्रयोग अवश्य करावा. एखादा फॉर्म मोबाईलवर उघडत नसेल, 'तुमचा ब्राउझर चालणार नाही' असे म्हणत असेल, तर याच युक्तीने पुष्कळदा काम होते. इनकॉग्निटोमध्ये ही ओळ बदलत नाही, हेही ध्यानात असावे.

ब्राउझर अद्ययावत ठेवावा. ओळीत जुनी आवृत्ती दिसली की त्या आवृत्तीत कोणत्या फटी आहेत ते लबाड माणसालाही कळते. मोबाईलचे नाव घेऊन घाई करणारे पान दिसले तर कोणतेही बटण न दाबता ते बंद करावे. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा.

ज्यांच्या घरात आपल्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही, त्या आपल्यासारख्यांवर यात एक जबाबदारी आहे. घरची माणसे मोबाईल विश्वासाने आपल्या हाती देतात आणि विचारतात, "बघ गो, ह्यां खरां काय?" त्यांना उत्तर देताना 'सगळे कळते' किंवा 'काही कळत नाही' असे म्हणून सुटू नये. ती ओळ काढून दाखवावी, तिच्यातला एकेक शब्द वाचून दाखवावा, आणि तीत त्यांचे नाव कोठेही लिहिलेले नाही हे त्यांच्याच डोळ्यांनी त्यांना पाहू द्यावे.